धर्मा ट्यूबची नात

शारजात आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिज एक होता आणि संसार दोन. वरचे कप्पे काकूंचे, खालचे आईचे, आणि दारात ठेवलेल्या लिंबांवरून दोघींचा अबोला व्हायचा. तेव्हा बेताच्या पगाराची माणसं अशीच राहत. एका बेडरूममध्ये एक कुटुंब, दुसऱ्यात दुसरं, हॉल आणि स्वयंपाकघर सामाईक. आमच्या शेजारच्या खोलीत विलासकाका, काकू आणि त्यांची एकुलती एक नीलम. नीलम माझ्या वर्गात, माझ्या बसमध्ये, माझ्याच बाकावर. खिडकीतला एसी दिवसरात्र घरघरायचा. तो बंद पडला की आधी शांततेने जाग यायची आणि मग उकाड्याने. पहाटे समोरच्या मशिदीतली बांग, मग खालच्या मल्याळी ग्रोसरीवाल्याच्या शटरचा खडखडाट, मग काकूंचा घोगरा मिक्सर. अजूनही कुठे मिक्सर लागला की मला वाटतं, आता नीलम उठेल आणि माझ्याआधी बाथरूम अडवून बसेल.

सुट्टी शुक्रवारची. बाबा आणि काका सकाळीच मासळी बाजारात जाऊन सुरमई आणायचे. काकूंचं वाटण, आईची सोलकढी, भात, आणि खुबूस, म्हणजे तिथल्या रोट्या, संपवायचे म्हणून रश्श्यात बुडवलेले त्यांचे तुकडे. हॉलमध्ये खाली वर्तमानपत्रं पसरून आम्ही सगळे एका पंगतीला बसायचो. त्या पंगतीत सुरमईची मधली तुकडी कुणाला, हे ठरलेलं होतं. बाबा स्वतःच्या हाताने ती नीलमच्या ताटात वाढायचे. मला शेपटाकडची. मी एकदा तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "अगं, ती कुणाची नात आहे माहीत आहे ना?" लोकांकडे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असतं. आमच्याकडे उलटं होतं, आणि ते कार्टं मी होते.

ती कुणाची नात आहे हे मला माहीत होतं. सगळ्या इमारतीला माहीत होतं. नीलमला आजोबा होते. म्हणजे ते वारले होते केव्हाच, पण होते. मुंबईत दारूबंदी होती त्या काळात डिलाईल रोडच्या बाजूला धर्मा ट्यूब म्हणून एक दादा होऊन गेला. ट्रकच्या चाकातल्या रबरी ट्यूबांत हातभट्टीची भरून तो ती शहरभर पोचवायचा, म्हणून धर्मा ट्यूब. वस्तीत त्याच्या नावाने पोरं झोपायची आणि त्याच्याच पैशाने मुलींची लग्नं लागायची. जेवणं झाली की विलासकाका भिंतीला टेकून बसत, आणि नीलम फर्माईश करायची, "पप्पा, टेल द तिरडी वन." मग काका सुरू करत. एकदा नाकाबंदी इतकी कडक होती की धर्मा ट्यूबने तिरडी बांधली. ट्यूबा खाली, वर पांढरं कापड, त्यावर झेंडूचे हार. मडकं धरायला एक माणूस भादरून तयार केला. कोपऱ्यावर हवालदार उभा. त्याने टोपी काढली, हात जोडले, आणि भला माणूस म्हणून चार पावलं खांदाही दिला.

"आणि म्हणाला, मयत जड आहे हो," हे शेवटचं वाक्य बाबा म्हणायचे. दर वेळी. ते वाक्य काका त्यांच्यासाठी मुद्दाम सोडून ठेवत. मग बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. एरवी हा माणूस हसत नसे. एका स्पेअर पार्टच्या कंपनीत ते स्टोअर सांभाळायचे. घरी आले की हातपाय धुऊन टीव्हीवरच्या बातम्या बघत गप्प. मला पहिला नंबर मिळाला तेव्हा "शाब्बास" म्हणाले आणि पाणी मागितलं. आणि हेच बाबा एका मेलेल्या दारूवाल्यासाठी मांडीवर थापा मारून हसत होते. माझा जळफळाट व्हायचा. नीलम देखणी होती, तिचं इंग्रजी फर्डं होतं, तिच्याकडे चाकांचे बूट होते. ते सगळं मी सोडून दिलं असतं. पण तिचा आजोबा माझ्या बाबांना हसवत होता, हे मला सोसत नव्हतं.

"आपल्या आजोबांची गोष्ट सांगा ना," मी बाबांच्या मागे लागायचे.

"कसली गोष्ट? गिरणीत होते. वारले."

"पण काहीतरी केलं असेल की त्यांनी."

"काम केलं," बाबा म्हणायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

शेवटी सांगितलं आईने, सिंकमध्ये कोळंबी सोलता सोलता. काकू बाहेर गेल्या होत्या म्हणून. मी म्हणत होते, नीलमच्या घराण्यात बघ कसे एकेक, आणि आपल्यात सगळे सुके बोंबील. आई म्हणाली, "तुझे आजोबा धर्मा ट्यूबकडेच होते."

मला इतका आनंद झाला की हातातली वाटी खाली ठेवली. "काय करायचे? गाडी चालवायचे?"

"आत जायचे," आई म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. दारूबंदी होती म्हणजे पोलिसांनाही धरपकड दाखवावी लागे. खरी भट्टी मोडली तर धंदा बसणार, आणि धंदा बसला तर दोन्हीकडचे उपाशी. म्हणून दादाने अधूनमधून एक माणूस आणि एक-दोन ट्यूबा आपणहून पोचत्या करायच्या, असा रिवाज होता. तो माणूस म्हणणार, माल माझा. तो शिक्षा भोगून येणार, तोवर त्याच्या घरी दादाकडून शिधा येणार आणि पोरांच्या फीचं दादा बघणार. माझे आजोबा गिरणीत बदली कामगार होते. कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी उभं राहायचं. दादाकडेही त्यांनी तेच काम धरलं. "निघताना चंची काढून सासूबाईंच्या हातात द्यायचे," आई म्हणाली, "आत तंबाखू चालत नसे. सासूबाई सांगायच्या, चंची हातात आली की समजायचं, आता काही दिवस एक ताट कमी मांडायचं. धर्मा ट्यूब स्वतः कधी एक दिवस आत गेला नाही, म्हणून तर एवढं नाव. तुझे बाबा शिकले ते त्याच शिध्यावर. आणि इथला व्हिसासुद्धा विलासभाऊजींनी ओळख लावली म्हणून. खाल्ल्या मिठाला जागणारे आहेत तुझे बाबा. आता बोलू नकोस कुठे."

कुठे बोलणार होते मी? कुणाला सांगण्यासारखा आजोबा होता का तो? मी मागितला होता एक पराक्रम, आणि मिळालं काय तर दुसऱ्याच्या पराक्रमाचं जोतं. पुढच्या शुक्रवारी तिरडीची गोष्ट निघाली तेव्हा माझं सगळं लक्ष मडकं धरणाऱ्या त्या भादरलेल्या माणसाकडे होतं. बाबा मात्र नेहमीसारखेच हसले, आणि मधली तुकडी नीलमलाच गेली. आज पन्नाशीकडे झुकताना, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना, मला माझ्याच त्या जळण्याचं हसू येतं. पण विझलं आहे असं मात्र मुळीच नाही.

शारजात दारूला बंदी. बाजूच्या अजमानमध्ये मिळायची, आणि काका ती आणून तांदळाच्या गोणीत पुरून ठेवत. त्या गोणीतला तांदूळ आई नैवेद्याला घेत नसे. काकांना प्यायची हौस होती त्याहून लपवण्याची जास्त. ग्लास भरताना ते असे डोळे मिचकावत, जणू आत्ता दारावर धाड पडणार. बारावीच्या वर्षी, परीक्षेच्या आधी एकदा मोकळा श्वास घ्यावा म्हणून, दोन्ही घरांनी खोर फक्कानच्या समुद्रावर सहल ठरवली. गुरुवारी संध्याकाळी काका ट्रकच्या तीन ट्यूबा घेऊन आले. टायरवाल्या पठाणाकडून, दहा दिरहमला एक. "म्हणजे नव्वद-पंच्याण्णव रुपये," आई लगेच म्हणाली. पोरींना पाण्यात तरंगायला, असं काकांनी सांगितलं. दोन ट्यूबांत त्यांनी हवा भरली. तिसरी घेऊन बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली.

बाहेर आले तेव्हा अंगावर दारूची पावडर मारल्यासारखा घमघमाट. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, बाटलीत काय वाईट होती? रबराचा वास लागेल की तिला."

"बापाची पद्धत आहे," काका म्हणाले. "सदा, सांग हिला. त्यांच्या हयातीत कुणाला सापडली का?"

"नाही सापडली," बाबा म्हणाले, पण या वेळी हसले नाहीत.

सकाळी काकांच्या जुन्या गाडीतून निघालो. पुढे काका-काकू, मागे बाबा, आई, मी आणि नीलम, एकमेकींच्या मांडीवर. हवेच्या ट्यूबा टपावर बांधल्या होत्या, ती तिसरी डिकीत, वर टॉवेल. दैद गेलं, मसाफीला रस्त्याकडेच्या दुकानांत मडकी आणि गालिचे टांगलेले दिसले, आईने डब्यातले दडपे पोहे सगळ्यांना वाटले. डोंगर सुरू झाले तसा काकांनी विषय काढला की आज जर त्यांचे वडील असते तर. नीलमने माझ्या कानात म्हटलं, "इट्स इन अवर ब्लड, यू नो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ते खरं होतं आणि माझ्या ब्लडमध्ये काय होतं तेही मला माहीत होतं.

पुढच्या वळणावर पोलिसांची चौकी होती. एक तरुण पोलीस, इस्त्रीचा गणवेश, अगदी शांत. "पिकनिक?" त्याने विचारलं. "येस सर, फॅमिली, खोर फक्कान," काका म्हणाले. त्याने टपावरच्या ट्यूबांना बोट लावून बघितलं, हसला, आणि म्हणाला, "डिक्की खोलो." काका उतरले. आम्ही मागच्या काचेतून बघत होतो. टॉवेल बाजूला झाला. पोलिसाने ट्यूब एका हाताने उचलायला घेतली, आणि ती उचलली गेली नाही. पोहायची ट्यूब हवेने भरतात, हे त्या पोराला ठाऊक होतं. तिरडी जड असते. पोहायची ट्यूब नसते. धर्मा ट्यूबच्या मुलाला एवढं सुचलं नव्हतं.

"ये इतना भारी?" त्याने विचारलं. मग व्हॉल्व्ह दाबला. वास आमच्यापर्यंत आला.

"किसका है?"

काकांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही बाहेर येत नव्हतं. एवढा मोठा गोष्टीवेल्हाळ माणूस, डिकीच्या झाकणाला धरून नुसता उभा. नीलमने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात माझ्या बाजूचं दार उघडलं आणि बाबा उतरले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"मेरा है, साब," बाबा म्हणाले.

"गाडी किसका?"

"गाडी इनका. ट्यूब मेरा. इनको मालूम नहीं."

पोलिसाने एकदा काकांकडे पाहिलं. काका रस्त्याकडे बघत होते. मग बाबा परत आमच्या खिडकीशी आले, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि आत आईच्या हातात दिलं. आईने ते घेतलं, पदराच्या टोकाला बांधलं. जेवताना मीठ पुढे करतात तितकं ते साधं झालं. मला मात्र सगळं कळलं. बाबा वाकून मला म्हणाले, "शाळेत कुणी विचारलं तर सांग, बाबा गावाला गेलेत." आणि ते त्या पोलिसाबरोबर चालत गेले. त्यांची चाल इतकी सवयीची होती की जणू त्यांची पाळीच होती आज.

परतीच्या वाटेत नीलम तिच्या पप्पांच्या खांद्यावर मागून डोकं टेकून रडली. काका एका हाताने गाडी चालवत होते आणि दुसऱ्या हाताने तिला थोपटत होते. मी ते बघत होते. आयुष्यात मी कुणावर इतकी जळले नाही. तिचे पप्पा घरी चालले होते. माझ्या बाबांनी तिचा बाप राखला होता, आणि त्यासाठी माझा दिला होता. मधल्या तुकडीपासून सुरू झालेलं ते इथवर आलं होतं. घरी आल्यावर आईने घड्याळ सोडून देवापुढे ठेवलं आणि काकूंच्या कप्प्यातलं दूध न विचारता काढून चहा केला.

मी शाळेत सांगितलं, बाबा गावाला गेलेत. नीलम शेजारी बसून मान हलवायची. काही आठवड्यांनी कंपनीच्या अरब मालकाने खटपट करून बाबांना सोडवलं, पण ऑफिसात बोलावून म्हणाला, "सदा, गुड मॅन, बट खलास." व्हिसा रद्द, वर सहा महिन्यांचा बॅन. विमानतळावर काका बाबांच्या गळ्यात पडून रडले. बाबा म्हणाले, "अरे, चल. पोरींसमोर काय." मी बारावी चिपळूणला मामाकडे केली, अर्धं पुस्तक वेगळं, बाक वेगळा. नीलमने शारजात केली आणि पुढे तिथेच कॉलेजला गेली. फ्रिज आता सगळा काकूंचा झाला असेल, हा विचार मला चिपळुणात कितीतरी वेळा यायचा. तिथे फ्रिज नव्हता.

बाबा नंतर परत गेले. इन्व्हेस्टमेंट्स पार्क नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांना पुन्हा स्टोअरच मिळालं, आणि कंपनीच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या. या वेळी फ्रिज अख्खा आईचा. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. रजा काढून त्यांच्याकडे गेले होते तेव्हाच नीलमच्या मुलाचं बारसं निघालं. अल बर्शाला नव्या इमारती उठत होत्या, त्यातल्या एकीत तिचा फ्लॅट. संगमरवरी फरशी, न घरघरणारा एसी. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं: धर्मराज. लाडाने डीजे. घुगऱ्या, पेढे, केटररची बिर्याणी. आणि जेवणं झाल्यावर विलासकाका भिंतीला टेकून बसले.

"आता बाळाला घराण्याची गोष्ट सांगितली पाहिजे," ते म्हणाले. मला वाटलं, तिरडी. पण त्यांनी डोंगर सुरू केले. मसाफी, दडपे पोहे, वळण, चौकी, इस्त्रीतला पोलीस. फार रंगवून सांगत होते, केस पिकल्यावर आवाजाला आणखी वजन आलं होतं. "तो म्हणतो, किसका है? मी म्हटलं, आता बाप वरून बघतोय. छाती पुढे केली आणि म्हटलं, मेरा है, साब." हॉलमध्ये हशा आणि टाळ्या. नीलमच्या नणंदेची मुलगी ओरडली, "नो वे, डीजेज नानू वेंट टु जेल?" आणि नीलम बाळाला थोपटत, कौतुकाने, म्हणाली, "ऑफ कोर्स ही डिड." मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती खोटं बोलत नव्हती. ती गाडीत माझा हात धरून बसली होती, आणि तिला ते तसंच आठवत होतं.

मी बाबांकडे वळले. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मांडीवर थाप मारून. आणि मग म्हणाले, "विलास, घड्याळाचं राहिलं ना. ते सांग. जाताना घड्याळ काढून दिलंस वहिनींकडे."

"हां, घड्याळ," काका म्हणाले, आणि ते त्यांनी सांगितलं.

"आजोबा, तुम्हीपण होतात गाडीत?" त्या मुलीने बाबांना विचारलं.

"होतो ना," बाबा म्हणाले. "मागच्या सीटवर."

आई उठून पाणी प्यायला आत गेली.

परत येताना बाबा कंपनीची पिकअप चालवत होते, आई खिडकीशी, मी मधे. शेख झायेद रोडचे दिवे नुकते लागत होते. मी म्हटलं, "तुम्ही घड्याळसुद्धा देऊन टाकलंत त्यांना."

"त्याला सांगता येतं गं," बाबा म्हणाले. "तो आत गेला नव्हता, म्हणून त्याला हसत सांगता येतं. मी सांगायला बसलो तर मला आतलं आठवणार. मग पेढे कोण खाईल?"

"मला त्यांचा राग येतो. नीलमचाही येतो. लहानपणापासून येतो."

"माहीत आहे," ते म्हणाले. मी चमकून पाहिलं. त्यांची नजर रस्त्यावर होती. मग म्हणाले, "तू विचारायचीस ना, आपल्या आजोबांची गोष्ट सांगा म्हणून?"

"हं."

"ते आत जायला निघाले की आधी चंची आईकडे द्यायचे. मग मला जवळ घेऊन म्हणायचे, शाळेत मास्तरांनी विचारलं तर सांग, बाबा गावाला गेलेत."

 पिकअपने कारखान्यांकडचं वळण घेतलं.

"आणि मग?"

"मग काय," बाबा म्हणाले. "मी सांगायचो."